दोन टाक्या आणि मधला पडदा

(सामुदायिक रेडिओवरून झालेले भाषण)

 

आज मी कर्जाच्या हप्त्यांवर किंवा नोंदवहीवर बोलणार नाही. आज बॅटरीवर बोलायचं आहे. बॅटरीतसुद्धा तिच्या पोटात असणाऱ्या एका पातळ पापुद्र्यावर. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका, कारण या पापुद्र्यात आपल्या गटाचे पैसे अडकायची वेळ आली आहे.

झालं असं की, आपल्या भागातल्या एका ग्रामसंघाने सौर पॅनेलवर चालणारी चक्की घ्यायचं ठरवलं. पॅनेल दिवसा वीज देणार. पण बाया दिवसा रोवणीला, निंदणाला, मजुरीला जातात. दळण घेऊन येणार त्या संध्याकाळी, म्हणजे नेमकं सूर्य बुडाल्यावर. तेवढ्यात एक विक्रेता आला. म्हणाला, “पाण्यावर चालणारी नवी बॅटरी आली आहे. वीस वर्षं टिकते, आग लागत नाही. आत्ताच आगाऊ रक्कम भरा.” बैठकीत बायांनी मला विचारलं, “ताई, हे खरं का?”

मी बी.ए. झालेली. विज्ञान माझं दहावीलाच सुटलं. पण प्रश्न गटाच्या बचतीचा होता, म्हणून वाचलं, रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना विचारलं, समजून घेतलं. उत्तर थोडक्यात सांगते: अशी बॅटरी खरोखर आहे. पण ती आज आपल्या चक्कीसाठी घ्यावी का, हे ठरवायचं तर तिच्या आतला पडदा समजून घ्यावा लागतो.

आधी साध्या सेलपासून सुरुवात करू. टॉर्चमध्ये टाकतो तो सेल. त्याच्या आत काळी भुकटी असते ना, ती मँगनीज डायऑक्साइडची. आपल्याच भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॉइल कंपनीची खाण आहे. तिथलं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज सेलच्या कारखान्यांना जातं. म्हणजे बॅटरी ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही, तिचा कच्चा माल आपल्या जमिनीतून निघतो.

या सेलमध्ये बाहेरची डबी जस्ताची आणि आत ती काळी भुकटी. दोघांच्या मध्ये एक कागद असतो, ओल्या लेपाचा. तो कागद कशाला? जस्त आणि भुकटी एकमेकांना सरळ भिडली तर सेल आतल्या आत संपून जाईल, बाहेर दिव्याला काही मिळणार नाही. म्हणून दोघांना वेगळं ठेवायचं. पण अगदी बंद भिंतही चालत नाही, कारण आतून थोडी देवाणघेवाण चालू राहिली तरच बाहेरच्या तारेतून वीज वाहते. वेगळं ठेवायचं आणि वाटही ठेवायची, अशी त्या कागदाची दुहेरी जबाबदारी असते.

ही गोष्ट फार जुनी आहे. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी रचली, तेव्हा धातूच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या ठेवल्या होत्या. १८३६ साली इंग्लंडच्या डॅनियलने दोन वेगळी द्रावणं वापरून सेल बनवला. ती द्रावणं वेगळी ठेवायला त्याने आधी बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा वापरला. पुढे त्या जागी मातीचं सच्छिद्र भांडं आलं. आपला माठ जसा पाझरतो, तसंच भांडं. म्हणजे बॅटरी बदलत गेली, तसा मधला पडदाही बदलत गेला, पण त्याचं काम तेच राहिलं.

आता त्या नव्या बॅटरीकडे येऊ. तिला फ्लो बॅटरी म्हणतात, वाहती बॅटरी म्हणा. साध्या बॅटरीत वीज साठवणारा माल त्याच डब्यात बंद असतो. फ्लो बॅटरीत तो माल बाहेर, दोन टाक्यांमध्ये द्रवरूपात असतो. दोन छोटे पंप तो द्रव फिरवतात. दोन्ही द्रव एका पेटीसारख्या भागातून जातात, त्याला स्टॅक म्हणतात. तिथे ते एका पातळ पडद्याच्या अलीकडून आणि पलीकडून वाहतात. वीज आत भरायची असो की बाहेर काढायची, सगळा व्यवहार त्या पडद्यापाशी होतो.

यात मोठी सोय आहे. एका वेळी किती जोराने वीज मिळणार, हे स्टॅकवर ठरतं. किती तास मिळणार, हे टाक्यांवर ठरतं. आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या चक्कीचं उदाहरण घ्या. ती तासाला साधारण पावणेचार युनिट खाते. दोन तासांना साडेसात युनिट. फ्लो बॅटरीत एक युनिट साठवायला साधारण ४० ते ५० लिटर द्रव लागतो. म्हणजे साडेतीनशे लिटरच्या आसपास, दोनशे लिटरचे दोन ड्रम धरा. चार तास चालवायची असेल तर चार ड्रम, स्टॅक तोच. पण यातूनच दुसरी गोष्टही कळते. ही बॅटरी जड आणि जागा खाणारी आहे. ती गाडीत किंवा मोबाइलमध्ये बसणार नाही. एका जागी ठाण मांडून राहायचं, हेच तिचं काम.

सगळ्यात जास्त पुढे गेलेली फ्लो बॅटरी व्हॅनेडियम नावाच्या धातूची आहे. आणि ती उभी केली एका बाईने, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. तिचं नाव मारिया स्कायलास-कझाकोस. १९५१ साली ग्रीस देशातल्या कालिम्नोस नावाच्या बेटावर जन्मली. लहान असतानाच आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात ती रसायनशास्त्रात शिकली आणि तिथेच शिकवू लागली. १९८० च्या दशकात तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ही बॅटरी तयार केली. १९८६ साली पेटंटसाठी अर्ज केला.

तिची युक्ती काय होती ते ऐका. तिच्याआधी अमेरिकेच्या नासा संस्थेने फ्लो बॅटरीवर काम केलं होतं. त्यांच्या एका टाकीत लोह होतं, दुसऱ्या टाकीत क्रोमियम. पडदा थोडा जरी पाझरला, तरी लोहात क्रोमियम आणि क्रोमियममध्ये लोह मिसळायचं आणि द्रव नासत जायचा. मारियाबाईंनी दोन्ही टाक्यांत एकच धातू घेतला, व्हॅनेडियम. तो गंधकाच्या आम्लात विरघळवला. व्हॅनेडियमचं वैशिष्ट्य असं की तो चार वेगवेगळ्या अवस्थांत राहतो आणि प्रत्येक अवस्थेचा रंग वेगळा. जांभळा, हिरवा, निळा आणि पिवळा. बॅटरी रिकामी असते तेव्हा एका टाकीत निळा द्रव, दुसरीत हिरवा. वीज भरत गेलो की निळ्याचा पिवळा होतो आणि हिरव्याचा जांभळा. वीज वापरली की पुन्हा निळा आणि हिरवा.

आता पडदा थोडा पाझरला तरी व्हॅनेडियममध्ये व्हॅनेडियमच मिसळणार. साठवलेली वीज थोडी वाया जाते, पण द्रव कायमचा नासत नाही. दुरुस्त करून वर्षानुवर्षं वापरता येतो. एकही पडदा शंभर टक्के पक्का नसतो, हे मान्य करून त्यांनी बॅटरी आखली. वीस वर्षं टिकण्याचं जे बोलतात, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

मग पडद्याचं एवढं काय राहिलं, असं तुम्ही म्हणाल. बरंच राहिलं. कसं ते आपल्या भाषेत सांगते.

आपण धानाच्या मुलखातल्या. तांदूळ चाळताना चाळणीतून कणी खाली पडायला हवी, अख्खा तांदूळ वर राहायला हवा. छिद्रं मोठी घेतली तर काम झरझर होतं, पण कणीबरोबर चांगला तांदूळही खाली जातो. छिद्रं फार बारीक घेतली तर तांदूळ वाचतो, पण कणीसुद्धा अडकते आणि हात दुखेपर्यंत चाळत बसावं लागतं. फ्लो बॅटरीच्या पडद्याची अडचण हीच आहे. त्यातून प्रोटॉन पलीकडे जायला हवेत. प्रोटॉन म्हणजे आम्लातल्या हायड्रोजनचे विद्युतभार असलेले अतिशय लहान कण. व्हॅनेडियमचे कण मात्र अडायला हवेत. प्रोटॉनची वाट अडली तर वीज पडद्यातच अडखळते आणि तिची उष्णता होते. व्हॅनेडियम सुटला तर बॅटरी बसल्या जागी रिकामी होते. दोन्हीकडून नुकसान आपलंच. म्हणूनच या बॅटरीत १०० युनिट घातले तर साधारण ७० ते ८० परत मिळतात.

पडदा निवड कशी करतो हे घरी बघायचं असेल तर रात्री चार मनुका पाण्यात टाका. सकाळी त्या टपोऱ्या झालेल्या असतील. सालीतून पाणी आत गेलं, पण आतली साखर त्या मानाने फार बाहेर आली नाही. एकाला वाट दिली, दुसऱ्याला अडवलं. गावातल्या आरओच्या मशीनमध्येही असाच पडदा असतो, तो पाण्याला सोडतो आणि क्षाराला अडवतो. हे पडदे पॉलिमरचे असतात. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांब साखळी. कापूस पॉलिमर, आपल्या भंडाऱ्याच्या कोशाचा धागा पॉलिमर, आणि प्लास्टिकची पिशवीही पॉलिमरच.

व्हॅनेडियम बॅटरीत आजवर जो पडदा सगळ्यात जास्त नावाजला, त्याचं नाव नाफिऑन. अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीत १९६० च्या दशकात वॉल्टर ग्रोट या शास्त्रज्ञाने तो शोधला. नॉनस्टिक तव्यावर टेफलॉनचा थर असतो, त्याच घराण्यातला हा पॉलिमर. त्याच्या साखळीला ठिकठिकाणी गंधकाच्या आम्लाचे गट लटकवलेले असतात. टेफलॉनला पाणी आवडत नाही, त्या गटांना मात्र पाणी फार आवडतं. त्यामुळे पडदा ओला झाला की आत पाण्याच्या सूक्ष्म नाल्या तयार होतात, रुंदीला अवघ्या काही नॅनोमीटरच्या. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या नाल्यांमधून प्रोटॉन पलीकडे जातात. असेच पडदे मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढण्याच्या कारखान्यांतही वापरतात. आपण गावच्या विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती क्लोरीनपासूनच बनते.

नाफिऑन आम्लात वर्षानुवर्षं टिकतो. पण तो दोन ठिकाणी कमी पडतो. एक, त्यातून व्हॅनेडियमही थोडा थोडा निसटतो. दुसरं, तो फार महाग आहे. एका चौरस मीटरला शेकडो डॉलर पडतात, आणि मोठ्या स्टॅकमध्ये असे कितीतरी पडदे थरावर थर लावावे लागतात. स्टॅकच्या किमतीत या पडद्याचा वाटा मोठा असतो. व्हॅनेडियमही स्वस्त नाही, हे खरं. पण द्रव पुन्हा वापरता येतो. फाटलेला, झिजलेला पडदा मात्र टाकूनच द्यावा लागतो. शिवाय टेफलॉनच्या घराण्यातले पदार्थ माती-पाण्यात सहज कुजत नाहीत, म्हणून जगभर त्यांच्याबद्दल काळजी वाढली आहे.

म्हणून आज जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांत एकच खटपट चालू आहे: स्वस्त, टिकाऊ आणि नीट निवड करणारा पडदा कसा बनवायचा? मारियाबाईंच्या गटानेही पुढे त्यावर काम केलं. शिशाच्या साध्या बॅटरीत वापरतात तशी सच्छिद्र पट्टी घेऊन, तिच्यावर प्रक्रिया करून बघितली. आपल्या देशात गुजरातमध्ये भावनगरला केंद्रीय मीठ आणि सागरी रसायने संशोधन संस्था आहे. १९५४ पासूनची. खारं पाणी गोडं करण्याचे पडदे हा तिथला जुना विषय. तिथल्या शास्त्रज्ञांनी व्हॅनेडियम बॅटरीसाठीही वेगवेगळे पडदे बनवून तपासले आहेत. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० साली सुरू झालेली. पॉलिमरच्या पडद्यांवर तिथे बरीच वर्षं काम चालतं. उष्णता आणि आम्ल सहन करणाऱ्या पॉलीबेन्झिमिडाझोल नावाच्या पॉलिमरचे पडदे हा तिथल्या अभ्यासाचा एक भाग. कोरोनाच्या काळात, २०२० साली, तिथल्या पडद्याच्या ज्ञानावर हवेतला ऑक्सिजन वाढवून देणारं यंत्र तयार झालं होतं. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो पडद्यातून गाळून ३८ ते ४० टक्क्यांपर्यंत नेता येत होता. पंप आणि पॉलिमरचा पडदा, एवढ्यावर ते चालायचं.

असा पडदा बनवतात कसा, हे वाचताना मला आपली आंब्याची पोळी आठवली. आपण रस आटवतो, ताटाला तूप लावतो, रस सारखा पसरतो, उन्हात वाळवतो आणि मग अलगद सोलून काढतो. प्रयोगशाळेत पॉलिमर एका द्रावकात विरघळवतात, काचेच्या सपाट पट्टीवर ओततात, पातीने सारखा पसरतात, ओव्हनमध्ये वाळवतात आणि पाण्यात बुडवून सोलतात. जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. कुठे जाड, कुठे पातळ चालत नाही. हवेचा बुडबुडा राहून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तरी तो पडदा बाद. आंब्याची पोळी भोक पडलं तरी खाता येते, इथे तसं नाही.

पसरण्याआधी खरी कसरत असते. पीक नावाचा एक मजबूत पॉलिमर आहे. तो नाफिऑनपेक्षा स्वस्त पडतो, पण तो प्रोटॉनला वाट देत नाही. म्हणून तो गंधकाच्या तीव्र आम्लात ठेवून त्याच्या साखळीला आम्लाचे गट जोडतात. थोडे जोडले तर वाट अरुंद राहते. जास्त जोडले तर पडदा पाणी पिऊन फुगतो, ढिला होतो आणि व्हॅनेडियम सुटतो. त्याहून जास्त झालं तर पडदा पाण्यात विरघळायलाच लागतो. किती वेळ आणि किती तापमानात ठेवायचं, यावर सगळं अवलंबून. उंडा सैल झाला तर पोळी फाटते, घट्ट झाला तर लाटली जात नाही, तसंच हे.

मग परीक्षा. दोन भांडी जोडून मध्ये पडदा बसवतात. एका भांड्यात व्हॅनेडियमचं निळं द्रावण, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेटचं रंगहीन पाणी. आपण पिकाला खत म्हणून देतो, तेच मॅग्नेशियम सल्फेट. दिवस जातील तसं त्या रंगहीन पाण्यात किती निळं उतरलं, ते मोजतात. जितकं कमी उतरलं, तितका पडदा चांगला. दुसरी परीक्षा कडक आहे. व्हॅनेडियमचं पिवळं द्रावण पॉलिमरला जाळणारं असतं. पडद्याचा तुकडा त्यात बरेच दिवस बुडवून ठेवतात. पिवळ्यात निळी, हिरवी झाक यायला लागली की समजायचं, द्रावण पडद्याला खात आहे. यातून टिकला तर मग तो खऱ्या बॅटरीत बसवून शेकडो वेळा वीज भरायची आणि काढायची. म्हणून एका पडद्याला वर्षं लागतात. हे काम घाईचं नाही, चिकाटीचं आहे.

आता आपल्या विदर्भाची एक खास अडचण सांगते, विक्रेते ही सहसा बोलत नाहीत. व्हॅनेडियम बॅटरीतला तो पिवळा द्रव साधारण ४० अंशांच्या वर तापला की त्यात घट्ट गाळ बसायला लागतो. तो गाळ नळ्या आणि स्टॅक तुंबवतो. उष्णता वाढली की पडद्यातून निसटणंही वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने गंधकाच्या आम्लात मिठाचं आम्ल मिसळून ही मर्यादा ५० अंशांच्या आसपास नेली आहे. म्हणजे वाट निघते आहे. पण जो विकायला येतो, त्याची बॅटरी कोणत्या द्रवाची आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या बॅटऱ्या आज कुठे चालतात? चीनमध्ये दालियन शहरात २०२२ साली एक मोठी बॅटरी सुरू झाली, चार लाख युनिट साठवणारी. आपल्या देशात नोव्हेंबर २०२५ मध्ये एनटीपीसीच्या ग्रेटर नोएडा इथल्या संशोधन केंद्रात ३ मेगावॉट-तासांची व्हॅनेडियम बॅटरी सुरू झाली. ३ मेगावॉट-तास म्हणजे ३,००० युनिट. दिवसाला तीन युनिट वापरणारी हजार घरं धरली तर त्यांची एका दिवसाची वीज. म्हणजे ही बॅटरी सध्या मोठ्या केंद्रांची आहे. तिला पंप लागतात, आम्ल हाताळणारा शिकलेला माणूस लागतो, देखरेख लागते.

मग त्या ग्रामसंघाला मी काय सांगितलं? तेच तुम्हालाही सांगते. फ्लो बॅटरीसाठी आगाऊ रक्कम आज भरू नका. आणि तिला “पाण्यावर चालणारी” म्हणून विकत असेल तर तेही अर्धवट आहे. तिच्यात पाणी आहे म्हणून ती पेट घेत नाही, हे खरं. पण त्या पाण्यात तीव्र आम्ल आहे, ते सांडलं तर हात-पाय भाजतात.

दुसरं, चक्की दिवसाच चालवा. हिशेब करून बघा. १२ व्होल्ट आणि १५० एएच लिहिलेली साधी बॅटरी १.८ युनिट साठवते, आणि टिकवायची असेल तर अर्ध्याहून जास्त रिकामी करू नये. साडेसात युनिटांसाठी अशा आठ-नऊ बॅटऱ्या लागतील आणि काही वर्षांत त्या बदलाव्या लागतील. दळणाच्या कमाईतून तेवढं निघणार नाही. त्यापेक्षा बायांनी धान्य संध्याकाळी आणून ठेवावं, नावाची चिठ्ठी लावावी, आणि गटातल्या पाळीच्या बाईने दुसऱ्या दिवशी उन्हात दळून ठेवावं. पाळीच्या बाईला मजुरी द्यावी. बॅटरी घ्यायचीच तर दिवे, पंखा आणि वजनकाट्यापुरती एक घ्या. घरावर पॅनेल असेल आणि नेट मीटर असेल, तर दिवसाची जादा वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री आपल्या हिशेबात परत मिळते. तिथे तर घरात मोठ्या बॅटरीची गरजच नाही.

तिसरं, कोणतीही बॅटरी विकायला कोणी आलं तर हे सहा प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर सहीसकट घ्या. एक, ही किती युनिट साठवते, आणि शंभर युनिट घातले तर किती परत देते? दोन, किती तापमानापर्यंत चालते? तीन, आत कोणतं रसायन आहे, आणि सांडलं तर काय करायचं? चार, आतला पडदा किंवा स्टॅक किती वर्षांच्या हमीचा, आणि बदलायचा झाला तर खर्च कोणाचा? पाच, बिघडली तर दुरुस्तीला कोण येणार, किती दिवसांत? सहा, जुनी झाल्यावर परत कोण नेणार? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. शिशाची जुनी बॅटरी घराशेजारी फोडू देऊ नका, शिसं वितळवू देऊ नका. त्याचा धूर आणि धूळ लेकरांच्या मेंदूला अपाय करते.

आणि शेवटचं, मुलींसाठी. तुम्ही म्हणाल, भावनगर, पुणे, सिडनी सगळं दूर आहे. पण नागपूर दूर नाही. तिथे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट आहे. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिली. रसायन तंत्रज्ञान शिकवते, त्यात प्लास्टिक आणि पॉलिमरचाही अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर विज्ञान घेतलं, गणित आणि रसायनशास्त्र सोडलं नाही, तर ती वाट उघडी राहते. बी.एस्सी. करूनही पुढे जाता येतं. मुलीला विज्ञानाला पैसे नाहीत म्हणून थांबवण्याआधी गटाच्या बैठकीत विषय काढा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आम्ही बसू. लग्नासाठी कर्ज मागताना आपण लाजत नाही, मग शिक्षणासाठी का लाजायचं?

चांगला स्वस्त पडदा अजून कोणाच्या हाताने पूर्ण व्हायचा आहे. तो झाला, तर दिवसाचं ऊन रात्रीच्या दिव्याला, पंपाला, चक्कीला पुरेल. तो बनवणारे हात आंब्याची पोळी सारखी पसरायला शिकलेले असले, तर वाईट काय?

ते सहा प्रश्न तुमच्या गटाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. काही विचारायचं असेल तर चिठ्ठी लिहून मासिक बैठकीत माझ्याकडे द्या, पुढच्या वेळी इथेच उत्तर देईन.